दुप्पट गरम म्हणजे किती?

उष्ण आणि शीत यांचा अनुभव मनुष्याला जन्मापासूनच येत असतो. हा अनुभव सांगण्यासाठी प्रत्येक भाषेने आपापले शब्द घडविले आहेत. एका पाण्याचेच उदाहरण घ्या. ते बर्फासारखे गार असेल, नुसते गार असेल, कोमट असेल, ऊन असेल, कढत असेल किंवा उकळत असेल. या शब्दांमध्ये एक निश्चित क्रम आहे. कोमट पाण्यापेक्षा ऊन पाणी अधिक गरम आणि ऊन पाण्यापेक्षा कढत पाणी अधिक गरम, याविषयी कोणाचा मतभेद होत नाही. परंतु कढत पाणी कोमट पाण्याच्या किती पट गरम असते, हे मात्र हे शब्द सांगत नाहीत. क्रम लावणे ही एक गोष्ट आहे आणि मोजणे ही दुसरी.

तापमापक हाती आल्यानंतर शब्दांची जागा संख्यांनी घेतली आणि संख्यांबरोबर एक मोहही आला. संख्या दिसली की मनुष्य तिची बेरीज-वजाबाकी करतो, तिला भागतो आणि तिचे शेकडा प्रमाण काढतो. समजा, उत्तर भारतातील एखाद्या शहरात जानेवारीतील दुपारी तापमान २० अंश सेल्सिअस होते आणि मे महिन्यातील दुपारी ते ४० अंश झाले. ४० ही संख्या २० च्या दुप्पट आहे. मग मे महिन्यातील दुपार जानेवारीतील दुपारच्या दुप्पट गरम होती, असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न केवळ शब्दांचा खेळ नाही. उष्णतेच्या लाटेचा इशारा, आजारी माणसाचा ताप, पृथ्वीच्या हवामानात होत असलेला बदल या सर्व बाबतींत तापमानांची तुलना करावी लागते. ती चुकीच्या रीतीने केली, तर मोठे संकट क्षुल्लक वाटू शकते किंवा साधी गोष्ट भयंकर भासू शकते. म्हणून तापमापकावरील संख्या कोठून आल्या आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे पाहणे आवश्यक आहे.

स्पर्शाची साक्ष

उष्णतेचा पहिला साक्षीदार म्हणजे आपली त्वचा. परंतु हा साक्षीदार फारसा भरवशाचा नाही. तीन भांडी घ्यावीत. एकात गार, दुसऱ्यात सोसेल इतके गरम आणि तिसऱ्यात कोमट पाणी ठेवावे. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात काही वेळ बुडवून मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्या हाताला गार लागते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९० च्या आपल्या ग्रंथात या अनुभवाची चर्चा केली आहे. पाणी एकच असताना ते एकाच वेळी गरम आणि थंड कसे असू शकेल, असा त्याचा प्रश्न होता.

दुसरा अनुभव याहूनही परिचयाचा आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे स्वयंपाकघरातील लाकडी पाट आणि पितळी भांडे यांना स्पर्श केला, तर भांडे अधिक थंड लागते. वास्तविक रात्रभर एकाच खोलीत राहिल्याने दोघांचे तापमान सारखेच असते. फरक एवढाच, की धातू हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि लाकूड ती सावकाश घेते. त्वचेला पदार्थाचे तापमान थेट कळत नाही. उष्णता आपल्या अंगातून किती वेगाने बाहेर जात आहे किंवा अंगात येत आहे, हे तिला मुख्यतः जाणवते. तेव्हा स्पर्शाला एखादी वस्तू ‘दुप्पट गरम’ भासली, तरी त्या भासावरून कोणतेही माप ठरविता येत नाही.

अंशांचा जन्म

स्पर्शाच्या जागी अधिक भरवशाचा साक्षीदार हवा होता. तो पदार्थांच्या प्रसरणात सापडला. काचेच्या बारीक नळीतील पारा किंवा मद्यार्क तापला की चढतो आणि निवला की उतरतो. परंतु नळीवर खुणा कोठे कराव्यात आणि शून्य कोठे लिहावे, हे पारा सांगत नाही. ते मनुष्याला ठरवावे लागले.

डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट या उपकरण-निर्मात्याने १७२४ मध्ये आपला मापक्रम प्रसिद्ध केला. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान त्याने शून्य मानले. मिठामुळे बर्फाचे मिश्रण साध्या बर्फापेक्षा थंड होते, हे मटक्यातील कुल्फी करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. फॅरनहाइटचे शून्य त्याच जातीचे आहे. साधे बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणास त्याच्या मापक्रमावर ३२ आणि निरोगी मनुष्याच्या शरीरास ९६ ही संख्या मिळाली. पुढे मापक्रमात सुधारणा झाल्यावर शरीराचे नेहमीचे तापमान ९८.६ अंश मानले जाऊ लागले.

स्वीडनमधील खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याने १७४२ मध्ये दुसरी योजना मांडली. पाणी गोठण्याचा बिंदू आणि पाणी उकळण्याचा बिंदू यांमध्ये त्याने १०० समान भाग पाडले. आश्चर्य असे, की त्याने उकळबिंदूला शून्य आणि गोठणबिंदूला १०० म्हटले होते. ही दिशा थोड्याच काळात उलटविण्यात आली आणि आज आपण वापरतो तो क्रम रूढ झाला. या अंशाला पूर्वी शतांश म्हणत. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला सेल्सिअसचे नाव दिले.

सेल्सिअसच्या मूळ मापक्रमावर आपला प्रश्न पुन्हा विचारून पाहू. तेथे जानेवारीतील दुपारचे तापमान ८० अंश आणि मे महिन्यातील दुपारचे ६० अंश भरेल. म्हणजे अधिक गरम दिवसाची संख्या लहान, आणि तीही पहिल्या संख्येच्या पाऊण पट! हवा तीच आणि सूर्यही तोच. केवळ खुणा उलट्या लिहिल्याने ‘दुप्पट’ या शब्दाचा ठाव लागत नाहीसा झाला. टिकले ते एवढेच, की दोन दुपारींमधील अंतर २० अंशांचे आहे.

दोन प्रकारची शून्ये

असे का होते, हे समजण्यासाठी तापमान क्षणभर बाजूला ठेवून दोन साधी मापे पाहू.

एक दोर २ मीटर लांब आहे आणि दुसरा ४ मीटर. दुसरा दोर पहिल्याच्या दुप्पट आहे. हे दोर फुटांनी मोजले किंवा हातांनी मोजले, तर संख्या बदलतील. दुप्पट हे नाते मात्र बदलणार नाही. याचे कारण उघड आहे. शून्य मीटर, शून्य फूट आणि शून्य हात या तिन्हींचा अर्थ एकच, दोर मुळीच नाही. येथे शून्य निसर्गाने दिले आहे. मनुष्याने निवडला तो केवळ एककाचा आकार.

आता कालगणना पाहू. इसवी सन १००० आणि इसवी सन २००० ही दोन वर्षे घेतली, तर दुसरी संख्या पहिलीच्या दुप्पट आहे. शालिवाहन शकात हीच वर्षे सुमारे ९२२ आणि १९२२ होतात. तेथे दुसरी संख्या पहिलीच्या दुपटीहून अधिक आहे. यांपैकी खरे गुणोत्तर कोणते? कोणतेच नाही. कारण दोन्ही गणनांचा आरंभ मनुष्याने ठरविलेला आहे, काळाचा आरंभ तेथे झालेला नाही. परंतु १८५७ चा उठाव आणि १९४७ चे स्वातंत्र्य यांमधील अंतर इसवी सनाने मोजले तरी ९० वर्षे येते आणि शके १७७९ ते शके १८६९ असे मोजले तरी ९० वर्षेच येते. आरंभ मनुष्याने निवडलेला असेल, तर वजाबाकी विश्वासार्ह असते आणि भागाकार फसवा असतो.

सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे दोन्ही मापक्रम दोरासारखे नसून कालगणनेसारखे आहेत. शून्य अंश सेल्सिअस याचा अर्थ उष्णतेचा अभाव असा होत नाही. तेथे पाणी गोठते, एवढेच. बर्फाळ प्रदेशातील वाऱ्यातही भरपूर उष्णता असते, म्हणूनच त्याचे तापमान शून्याखाली आणखी कितीतरी अंश उतरू शकते.

वजाबाकी आणि भागाकार

प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. सेल्सिअस अंशांना ९/५ ने गुणून त्यांत ३२ मिळविले की फॅरनहाइट अंश मिळतात. त्याप्रमाणे २० आणि ४० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ आणि १०४ अंश फॅरनहाइट. १०४ हे ६८ च्या सुमारे दीडपट आहेत. सेल्सिअस वाचणारा ‘दुप्पट’ म्हणेल आणि फॅरनहाइट वाचणारा ‘दीडपट’ म्हणेल. ज्या विधानाचे उत्तर उपकरणावरील खुणांबरोबर बदलते, ते विधान हवेविषयी नसून खुणांविषयी असते.

शून्याखाली गेल्यावर तर भागाकाराची विसंगती लपतच नाही. एका रात्री तापमान १० अंश असेल आणि दुसऱ्या रात्री उणे ५ अंश, तर दुसरी रात्र पहिलीच्या ‘उणे अर्धा पट’ गरम होती, असे म्हणावे लागेल. आणि आज तापमान शून्य अंश आहे, उद्या दुप्पट थंडी पडणार आहे, असे कोणी म्हटले, तर उद्याचे तापमान काय सांगावे? शून्याची दुप्पट शून्यच. मुळात थंडी नावाची कोणतीही वेगळी राशी नाही. उष्णता असते, ती कमी होते आणि त्या कमीपणाला आपण थंडी म्हणतो.

मग या मापक्रमांवर काय चालते? दोन तापमानांचा फरक चालतो, सरासरी चालते आणि दोन फरकांची आपसांतील तुलनाही चालते. घंगाळात ६० अंशांचे गरम पाणी आणि तितकेच २० अंशांचे गार पाणी मिसळले, तर मिश्रण सुमारे ४० अंशांचे होते. भांड्याने घेतलेली आणि हवेत गेलेली उष्णता तेवढी वगळावी लागते. हे उत्तर फॅरनहाइट अंशांत काढले, तरी तापमान तेच येते. त्याचप्रमाणे एका गावात दिवसरात्रीच्या तापमानांतील फरक २० अंश आणि दुसऱ्या गावात १० अंश असेल, तर पहिल्या गावातील फरक दुसऱ्याच्या दुप्पट आहे, हे विधान निर्दोष आहे. फॅरनहाइटमध्ये हेच फरक ३६ आणि १८ होतात. दुप्पट कायम राहते, कारण वजाबाकी करताना शून्य आपोआप गळून पडते.

हवेने दाखविलेले शून्य

तापमानालाही दोराच्या शून्यासारखे, निसर्गाने दिलेले शून्य आहे काय? या प्रश्नाचे पहिले सूचन पाऱ्याने नव्हे तर हवेने केले. गीयोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७०२ च्या सुमारास बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर कसा बदलतो, याचा अभ्यास केला. हवा निवत जाते तसा तिचा दाब समान पायऱ्यांनी उतरतो. दाब शून्याखाली जाऊ शकत नाही. तेव्हा थंडपणालाही कोठेतरी तळ असला पाहिजे, हा विचार त्यातून निघाला.

पुढील शतकभरात इतर वायूंवरही प्रयोग झाले. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक याने दाखविले, की दाब कायम ठेवला असता निरनिराळे वायू जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. आजच्या मापनानुसार हे प्रमाण प्रत्येक अंशाला शून्य अंशावरील घनफळाच्या सुमारे १/२७३ इतके आहे. म्हणजे शून्य अंशावर २७३ घन सेंटिमीटर असलेला वायू २० अंशांवर २९३, ४० अंशांवर ३१३ आणि १०० अंशांवर ३७३ घन सेंटिमीटर होतो. आता हाच हिशेब उलट दिशेने करावा. उणे १०० अंशांवर १७३, उणे २०० अंशांवर ७३, आणि उणे २७३ अंशांवर शून्य.

प्रत्यक्षात कोणताही वायू असा नाहीसा होत नाही. तो त्याआधीच द्रव होतो. नेहमीच्या दाबाखाली ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या सुमारास आणि नायट्रोजन उणे १९६ अंशांच्या सुमारास द्रवरूप घेतो. सर्वांत हट्टी हीलियम वायूला कामर्लिंग ऑनेस याने १९०८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे उणे २६९ अंशांच्या सुमारास द्रवरूपात आणले. तरीही सर्व वायूंच्या रेषा पुढे वाढविल्या असता त्या एकाच बिंदूकडे निर्देश करतात, ही गोष्ट योगायोगाची असू शकत नाही.

या बिंदूला भक्कम तात्त्विक आधार विल्यम टॉमसन याने दिला. हाच शास्त्रज्ञ पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झाला. उष्णतेपासून काम मिळविणाऱ्या एंजिनांविषयी फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये जे सिद्धांत मांडले होते, त्यांवरून टॉमसनने १८४८ मध्ये कोणत्याही विशिष्ट पदार्थावर अवलंबून नसलेला तापमापक्रम सुचविला आणि पुढील काही वर्षांत त्याला आजचे रूप दिले. त्याचे शून्य हेच निरपेक्ष शून्य. ते उणे २७३.१५ अंश सेल्सिअसवर आहे. तेथवर मर्यादित पायऱ्यांनी पोहोचता येत नाही, केवळ त्याच्या अधिकाधिक जवळ जाता येते.

या मापक्रमाचे एकक केल्व्हिन होय. १९६७ पासून त्याच्यामागे ‘अंश’ हा शब्द लावीत नाहीत. सेल्सिअस अंशांत २७३.१५ मिळविले की केल्व्हिन मिळतात. २० मे २०१९ पासून या एककाची व्याख्या पाण्याच्या गुणधर्मावर आधारलेली राहिलेली नाही. ती बोल्ट्समान स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर, म्हणजे तापमान आणि रेणूंची ऊर्जा यांमधील नात्यावर उभी आहे.

खरी दुप्पट

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. २० अंश सेल्सिअस म्हणजे २९३.१५ केल्व्हिन आणि ४० अंश म्हणजे ३१३.१५ केल्व्हिन. दुसरे तापमान पहिल्याच्या १.०६८ पट आहे. मे महिन्यातील ती दुपार जानेवारीतील दुपारपेक्षा, या अर्थाने, शेकडा सातहूनही किंचित कमी ‘अधिक गरम’ होती. २० अंशांची खरी दुप्पट ५८६.३ केल्व्हिन, म्हणजे ३१३ अंश सेल्सिअसहून थोडी अधिक. त्या उष्णतेत कथील कधीच वितळून गेलेले असते आणि शिसे वितळण्याच्या बेतात असते.

पृथ्वीवरील हवेने अशी दुप्पट कधी अनुभवलेलीच नाही. अंटार्क्टिकातील व्होस्टॉक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदले गेले. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. या दोन टोकांची तापमाने अनुक्रमे सुमारे १८४ आणि ३२४ केल्व्हिन आहेत. दुसरे पहिल्याच्या अवघे पावणेदोन पट भरते.

परंतु निरपेक्ष मापक्रमावरील ‘पट’ म्हणजे नेमके काय? तापमान वाढले म्हणजे पदार्थाचे रेणू अधिक जोमाने हालू लागतात. वायूतील रेणूंची इकडून तिकडे धावण्याची सरासरी गतिज ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असते. तापमान खरोखर दुप्पट झाले, तर ही ऊर्जाही दुप्पट होते. वेग मात्र दुप्पट होत नाही. तो सुमारे १.४१ पट होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. उलट, तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. हा नियम श्टेफान याने १८७९ मध्ये मांडला. त्यानुसार ४० अंशांवरील पृष्ठभाग २० अंशांवरील तशाच पृष्ठभागापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक प्रारण बाहेर टाकतो. म्हणजे एकाच तापमानबदलाने रेणूंची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी, त्यांचा वेग ३ टक्क्यांहून थोडा अधिक आणि प्रारण ३० टक्क्यांनी वाढते. तेव्हा ‘किती पट गरम’ असे विचारण्यापूर्वी ‘कशाच्या बाबतीत’ असे विचारणे भाग आहे.

रस्त्यावरील एका अनुभवाने हे अधिक स्पष्ट होईल. सकाळी २० अंश तापमानात वाहनाच्या चाकात ३० पौंड हवा भरली. दुपारी चाकाचे तापमान ४० अंश झाले. दाब जर अंशांप्रमाणे दुप्पट होत असता, तर भर उन्हात रस्तोरस्ती चाके फुटली असती. प्रत्यक्षात दाबमापक सुमारे ३३ पौंड दाखवितो. ही वाढ १० टक्क्यांची दिसते, ७ टक्क्यांची नाही, कारण येथेही एक मानीव शून्य लपलेले आहे. चाकाचा दाबमापक वातावरणाच्या दाबाला शून्य धरतो. तो सुमारे १४.७ पौंड दाब मिळविला, की ४४.७ पासून ४७.७ पर्यंतची, म्हणजे ७ टक्क्यांच्या जवळची खरी वाढ दिसते.

याच कारणासाठी विज्ञानातील ज्या सूत्रांत तापमानाने गुणावे किंवा भागावे लागते, तेथे निरपेक्ष तापमानच वापरतात. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या, ताऱ्यांच्या वर्णपटांचे रहस्य उलगडणाऱ्या समीकरणातही तापमान केल्व्हिनमध्येच घालावे लागते.

तापमान आणि उष्णता

येथे आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. तापमान म्हणजे उष्णता नव्हे. कढत चहाचा एक पेला आणि कोमट पाण्याने भरलेली मोठी टाकी यांपैकी चहाचे तापमान अधिक आहे. परंतु निवताना टाकी चहापेक्षा कितीतरी अधिक उष्णता देऊ शकते. हा भेद अठराव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील जोझेफ ब्लॅक याने प्रयोगांनी स्पष्ट केला.

एक किलोग्रॅम पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे २० किलोकॅलरी उष्णता लागते. ४० वरून ६० अंशांवर नेण्यासही जवळजवळ तितकीच लागते. उष्णतेचा हा हिशेब फरकाशी जुळतो, दुपटीशी नाही. बर्फाच्या बाबतीत तर तापमान मुळीच न बदलता उष्णता खर्च होते. शून्य अंशावरील एक किलोग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशावरीलच पाणी होण्यास सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. म्हणून तितक्याच ८० अंशांच्या पाण्यात तो टाकला, तर शेवटी शून्य अंशाच्या आसपासचे दोन किलोग्रॅम पाणी उरते. बर्फ आणि बर्फाइतके थंड पाणी यांचे तापमान एकच असले, तरी त्यांची थंड करण्याची शक्ती एक नाही.

तुलना जेथे प्राणांशी निगडित आहे

आता ज्या ठिकाणी तापमानाची तुलना प्रत्यक्ष जीवनाला भिडते, तिकडे वळू.

भारतीय हवामानशास्त्र विभाग उष्णतेची लाट कशी ठरवितो, ते पाहण्यासारखे आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे आणि ते त्या ठिकाणच्या त्या काळातील सरासरी कमाल तापमानापेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असावे, असा एक निकष आहे. फरक ६.४ अंशांहून अधिक झाला, तर लाट तीव्र समजतात. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले, तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते. किनाऱ्यावर ४० ऐवजी ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांची मर्यादा धरतात. या निकषांत ‘दुप्पट’ किंवा ‘इतके टक्के’ असा शब्द कोठेही नाही. आहेत त्या सीमा आणि फरक. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तेथे कमी अंशही शरीराला जाच करतात. दोन गावांतील सारखे तापमान सारखाच धोका सांगत नाही.

तापाचीही गोष्ट अशीच आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांवरून ३९ अंशांवर गेले, तर ही वाढ २ अंश सेल्सिअसची म्हणजे ३.६ अंश फॅरनहाइटची आहे. येथे ३२ मिळवावयाचे नाहीत, कारण आपण तापमान नव्हे, तर तापमानातील फरक रूपांतरित करीत आहोत. ३२ मिळविणाऱ्यास ३५.६ अंशांचा असंभवनीय ताप चढलेला दिसेल! केल्व्हिनमध्ये ही वाढ एका टक्क्याहूनही कमी आहे, म्हणून ती नगण्य आहे असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. शरीर ज्या अरुंद पट्ट्यात सुरळीत चालते, त्याच्या तुलनेत दोन अंश पुष्कळ मोठे आहेत.

पृथ्वीच्या तापमानवाढीविषयी बोलतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते. २०१५ च्या पॅरिस करारात ही वाढ औद्योगिक युगापूर्वीच्या पातळीपासून २ अंशांच्या पुष्कळ खाली ठेवण्याचे आणि शक्यतो १.५ अंशांवर रोखण्याचे उद्दिष्ट ठरले. भूपृष्ठाचे सरासरी तापमान ढोबळमानाने १५ अंश धरले, तर १.५ अंशांची वाढ म्हणजे १० टक्के, असे कोणी म्हणेल. फॅरनहाइट वापरणारा तिला साडेचार टक्के म्हणेल. केल्व्हिनचा आधार घेणारा अर्धा टक्का म्हणून ती हसण्यावारी नेईल. पहिले दोन आकडे निरर्थक आहेत. तिसरा गणिताने बरोबर आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर अमेरिका आणि युरोप यांचे विस्तीर्ण भाग बर्फाखाली होते. तेव्हा पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे ५ ते ७ अंशांनीच कमी होते. शिवाय हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे अतिवृष्टी अधिक जोरदार होऊ शकते. अशा मोजपट्टीवर दीड अंश ठेवून पाहिला, म्हणजे त्याचे खरे वजन कळते.

तात्पर्य, तापमानांची तुलना करताना तीन गोष्टी पाहाव्यात. सेल्सिअस किंवा फॅरनहाइट अंश असतील, तर फरक सांगावा, ‘पट’ किंवा ‘टक्के’ सांगू नयेत. गुणोत्तर हवेच असेल, तर केल्व्हिन वापरावे आणि ते गुणोत्तर ऊर्जेचे, दाबाचे की प्रारणाचे, हेही सांगावे. आणि एखादा फरक लहान की मोठा, हे ठरविताना संख्येकडे न पाहता ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्याच्याकडे पाहावे. वायूला २० अंशांची वाढ ७ टक्क्यांची असते. मनुष्याच्या शरीराला तिचा चौथा हिस्साही प्राणघातक ठरू शकतो.